पोट का पाठ?

विमान उडवण्याआधी चाचा उजवा तळहात हवेत धरायचे आणि भाकरी उलटवावी तसा सावकाश फिरवायचे. "गिरकी अशी मारा लागते, सर. पहिले उंची, मंग हुशारी."

अकोल्यात आमच्या शाळेसमोर त्यांचं मोटारी बांधायचं, म्हणजे पंपांच्या जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, दुकान होतं. पंपाची मोटार कधी सांगितल्या दिवशी मिळाली नाही. थर्माकोलचं रिमोटवरचं विमान मात्र रविवारी हजर. मी त्यांना स्कूटरवर बसवून बाळापूर रोडवरच्या एका पडीक वावरात न्यायचो. तुमच्याही गल्लीत असा एखादा छंदिष्ट असेलच.

विमानाचं पोट लाल, पाठ पिवळी. खालून लाल दिसलं की विमान सुलटं, पिवळं दिसलं की उलटं. उलटं असताना रिमोटवरची काडी पुढे ढकलायची. चुकून मागे ओढली की विमान नाकावर मातीत. प्रत्येक गिरकीत चाचा मला विचारत, "पोट का पाठ?" मी चौथीतल्या पोरासारखं उत्तर द्यायचो. वर्षभर चालली ही परीक्षा. आता मास्तराचीच कोणी परीक्षा घ्यायला लागलं तर तो किती दिवस सोसणार? गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी ठरवून तोंड मिटलं.

विमान वर गेलं, उलटं झालं.

"पोट का पाठ?"

मी बांधावरच्या बाभळीकडे बघत राहिलो.

"सर, पोट का पाठ?"

विमान खाली येऊ लागलं. मी चिडून त्यांच्याकडे पाहिलं. विमान बाभळीच्या डावीकडे होतं, आणि चाचा उजवीकडच्या रिकाम्या आभाळाकडे बघत होते.

मी ओरडलो, "पाठ! चाचा, पाठ!"

त्यांनी काडी ढकलली. बाभळीच्या शेंड्याला घासून विमान वर चढलं आणि सुलटं झालं. "आता सांगत राहा," ते म्हणाले. डावीकडे, थोडं उजवीकडे, अजून खाली, असं मी ओरडत राहिलो आणि त्यांनी ते उतरवलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"दोन पावसाळे झाले. पहिले रंग गेले, आता तं ठिपकाही दिसत नाही. मोटार काय, बोटानं बांधता येते." मग हळूच म्हणाले, "तुमाले सांगतलं असतं तं तुमी रिमोट काढून घेतला असता."

घेतलाच असता. त्या दिवशी मात्र हात पुढे झाला नाही. माझ्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. पुढचे चार महिने आम्ही दोघांनी मिळून एक विमान उडवलं.

उन्हाळ्यात चाचा झोपेतच गेले. चाचींनी विमान माझ्या हातात ठेवलं. आता रविवारी एकटाच जातो. आधी उंची घेतो. विमान उलटं झालं की, कोणी विचारलेलं नसतं तरी, मोठ्याने ओरडतो, "पाठ, चाचा!"