घाटात मी ‘अहो’ म्हणून हाक मारली

जामसांवलीच्या हनुमानाला लोक लांबून माणसं घेऊन येतात. कुणाला झपाटलंय, कुणाच्या अंगात येतंय... लग्नानंतर सासूबाईंबरोबर मीही जायचे, पण आत गर्दीत न शिरता चपलांपाशी उभी राहायचे. मनात म्हणायचे, या लोकांना एका चांगल्या डॉक्टरची गरज आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही माझ्याबद्दल तेच म्हणाल. म्हणा. मीही स्वतःला म्हणून पाहिलंय.

माझं शिक्षण नागपूरला, कॉन्व्हेंटमध्ये. माहेरी पुण्याकडची भाषा. लग्न होऊन मी मोहगावला आले — सौसर तहसील, जिल्हा छिंदवाडा. संत्र्याची बाग, थोडा कापूस, घरात सासूबाई, मी आणि हे. मी मुळातच कमी बोलणारी. सुरुवातीला तर तोंडच उघडलं नाही. इथे सगळे ‘येऊन राहिलो’, ‘जाऊन राहिलो’ म्हणतात. येतोय, जातोय, एवढाच त्याचा अर्थ, पण मला वाटायचं, कोण कुठे राहिलंय? हे पोट धरून हसायचे आणि मला ‘मॅडम’ म्हणायचे.

यांचं नाव मनोहर. आज लिहिता येतंय. तेव्हा उच्चारता यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. इंग्लिश मीडियम असले तरी हा संकोच माझ्यात होताच. ‘अहो’ म्हटलं की भागायचं.

१९८६ चा हिवाळा. लग्नाला दोन वर्षं झाली त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नव्हते. सकाळी हे एकदम म्हणाले, “चाल, तयार हो.” अंगणात संत्र्याच्या पेट्या वाहायची आमची जुनी जीप उभी. सासूबाई गोठ्यातून बाहेर आल्या.

“कुठी चालला बे मन्या?”

“जामसांवलीले, आई. दर्शन घेऊन येतो.”

“देवाले जाऊन राहिला, अन् अत्तर कायले लावलं? हनुमानजीले अत्तर आवडते का बे?”

यांचे कान लाल झाले. मी पदरात हसू लपवून जीपमध्ये बसले.

सौसर आलं, जामसांवलीचा फाटा आला... आणि मागे गेला. गाडी सरळ छिंदवाड्याच्या रस्त्याला लागली. मी यांच्याकडे पाहिलं.

“आज आपली युनिव्हर्सिटी हाय ना वं मॅडम? तामियाचे पहाड दाखवतो तुले.”

“ॲनिव्हर्सरी,” मी म्हटलं.

“तेच ते. हॅपी युनिव्हर्सिटी!”

इतकी मी कधीच हसले नव्हते. खरंच सांगते.

रामाकोना मागे टाकून आम्ही सिल्लेवानीच्या घाटाला लागलो. दोन्ही बाजूंना सागवान. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. धुकं नाही, अंधार नाही. एका वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. खाली दरीत नाला दिसत होता. यांनी पाण्याचा डबा उचलला.

“उतरू नको. वानरं हायेत.”

सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. हे उतरत गेले तसा तो आवाज खाली खाली जात राहिला आणि मग थांबला. बराच वेळ झाला. मी दरीच्या कडेला येऊन हाक मारली — “अहो!”

“येऊन राहिलो वं!” खालून उत्तर आलं.

पण पानं काही वाजेनात. मी पुन्हा हाक मारली. “अहो!”

“आलो,” — माझ्या पाठीमागून.

वळून पाहिलं तर हे बॉनेट उघडून पाणी ओतत होते. तोच मी विणलेला तपकिरी स्वेटर. तेच चोपडलेले केस.

“तुम्ही खालून नाही आलात?”

“खालूनच आलो. तुझं लक्ष नव्हतं.”

आणि त्याच क्षणी, दरीतून, पानांच्या आवाजासकट, अगदी स्पष्ट — “थांब वं मॅडम, येऊन राहिलो!”

मी समोरच्या माणसाकडे पाहिलं. तो शांतपणे रेडिएटरचं झाकण लावत होता. (यांना मी कधी ‘तो’ म्हटलेलं नाही. त्याला म्हणते.)

“ऐकलंत?”

“काय ऐकायचं आहे?”

मी खाली धावले. साडी काट्यांना अडकत होती. नाल्यात बारीकशी धार, आजूबाजूचे दगड कोरडे. कोणी नाही. मी ओरडले, “अहो!” — आणि वरून तो म्हणाला, “काय गं? वर ये.”

तेव्हा मला कळलं, माझ्या हाकेत कुणाचं नावच नाही. त्या जंगलात जो ऐकेल, त्याने ओ द्यावी अशी ती हाक होती. मी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, “मनोहर!” पुन्हा ओरडले. पुन्हा. दरीतून काही आलं नाही. वर रस्त्याच्या कडेला तो खिशात हात घालून माझ्याकडे पाहत होता. त्या नावाला त्यानेही ओ दिली नाही.

वर रस्त्यावर एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता, माझं रडणं ऐकून खाली उतरून आला. “क्या हुआ, बहनजी?” मी म्हटलं, माझे मिस्टर इथे हरवलेत. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे. “बहनजी... साहब तो ऊपर खड़े हैं.”

हरवलेला माणूस शोधायला चार माणसं धावून येतात. पण तो समोर उभा असेल, तर कुणाला बोलवायचं?

जीप सुरू करत तो म्हणाला, “तामियाला जायचं ना? आज आपली ॲनिव्हर्सरी आहे.” शब्द अगदी स्वच्छ. मी एवढंच म्हणू शकले, “घरी चला.”

घरी उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं, “लवकर आला बे मन्या? झालं दर्शन?” त्याने वळून पाहिलं नाही. मग म्हणाला, “आई, थोडं पाणी देतेस का?”

ओसरीवर शेजारच्या बायका बसल्या होत्या. एकजण म्हणाली, “बाप्पा! बायकोनं पुरा पुण्याचा करून टाकला याले!” सगळ्या हसल्या. पुढे गावात हेच ठरलं — सुनेने नवऱ्याची बोली सुधारली. लोक माझं कौतुक करायचे.

वडिलांना घेऊन मी घाटात पुन्हा गेले. नावाने हाका मारल्या. उत्तर आलं नाही. वडिलांनी नागपूरला डॉक्टर दाखवला, गोळ्या सुरू झाल्या, झोप येऊ लागली. बस, एवढंच. आणि तो... तो चांगला आहे. दारू नाही, रागावणं नाही, बागेचं काम मन लावून करतो. मला ‘मॅडम’ नाही, माझ्या नावाने माधुरी म्हणतो. कुणाकडे काही तक्रार घेऊन जावं, असं त्याच्यात काही नाही.

गेल्या हिवाळ्यात, संत्री उतरायच्या दिवसांत, दुपारी तो बागेतून आला आणि पाय धुऊन दारात उभा राहिला. सासूबाईंनी पाट मांडला आणि म्हणाल्या, “या. बसा.”

पोटच्या मुलाला ‘या’? आठवून पाहिलं, तर ‘मन्या’ ही हाक घरात कधीची ऐकूच आली नव्हती. मला ते जाणवलंच नव्हतं. तो बसला, जेवला, हात धुऊन गेला.

मी चुलीपाशी जाऊन विचारलं, “आई, तुम्ही त्यांना...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “जीपमधून उतरला ना, तवाच समजलं मले. माय हावो मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू कायले नाही बोलली?” त्यांनी चुलीतली राख मागे सारली. “कोणाले सांगू पोरी? अन् सांगून माहा मन्या कोण आणून देईन? घरी आलेल्या माणसाले उपाशी तं नाही ठेवता येत.”

त्यानंतर यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. त्या दिवशी घाटात काय झालं, ते मला आजही कळलेलं नाही. कुणी समजावून सांगेल, ही आशाही आता उरलेली नाही. घरात आम्ही तिघं. सासूबाई रोज चौघांच्या भाकरी थापतात. उरलेली संध्याकाळी गाईला जाते.