स्लॅबवरचा झेंड्याचा दांडा

कराडजवळच्या एका गावात राहणारे लालासाहेब सैन्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी घराच्या स्लॅबवर झेंड्यासाठी लोखंडी दांडा बसवला. यंदा पावसात स्वयंपाकघर गळू लागलं. डांबर फासूनही थेंब थांबेनात. मग सून संयोगितानं उघडीप बघून स्लॅबवर थोड्या थोड्या जागी पाणी ओतलं. सासरे खाली छताकडं बघत बसले.

"आलं गं पानी! कुठं ओतलंस?"

ती घुटमळली. "झेंड्याच्या दांड्यापाशी, आबा."

 ते खालून म्हणाले, "काढ त्यो. घर कोरडं पायजे."

तिनं दांडा काढून भोक सिमेंटनं बुजवलं. गळती थांबली. दांडा तिनं अंगणात रोवला. गुडघ्यांमुळं आबांना जिना चढवत नव्हता. या पंधरा ऑगस्टला मात्र दोरी त्यांनीच ओढली.