गणिताचे रिक्त सर

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. तलासरी तालुक्यातलं एक हायस्कूल, शिक्षकांची खोली. मधली सुट्टी. मुख्याध्यापिका सावे बाई आणि त्यांचे झाडून सगळे शिक्षक माझ्यासमोर बसलेले. पीटीचे गावित सर चहाचा कप पुढे करत म्हणाले, "बसा. सगळे हजर आहेत. फक्त रिक्त सर नाहीत, ते डहाणूला ट्रेनिंगला गेलेत."

सगळे हसले. मीही हसलो. ही वेळ आणि हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी दोन्ही लागतील.

इतकी वर्षं डहाणू-तलासरीत बातमीदारी करून मला एक कळलंय. बातमी छापून येते आणि दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात तिच्यात सुकट बांधली जाते. तिच्याबरोबर फुकट मिळालेले किस्से मात्र वलांडीच्या बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांसारखे शेजारी शेजारी लटकत राहतात. या एका शाळेने माझी अख्खी वलांडी भरली, आणि तीही एकाच शब्दावर.

*

त्या खोलीत पाच पत्र्याची कपाटं आहेत. प्रत्येकावर पाटी: भाषा विभाग, गणित विभाग, विज्ञान विभाग, समाजशास्त्र विभाग, कला-क्रीडा विभाग. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, "गणित विभागात काय आहे?" गावित सरांनी कपाट उघडलं. धडाधड लेझमं बाहेर पडली.

"माझ्या कपाटात मावत नाहीत," ते म्हणाले. "आणि गणित विभागाची तक्रार नाही."

तक्रार करणार कोण? गणिताच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. सावे बाई सरळ बाई. वेळापत्रकाच्या फळ्यावर विषयापुढे शिक्षकाचं आडनाव लिहायची पद्धत आहे. त्यांनी लिहिलं: मराठी – राऊत. भूगोल – चुरी. गणित – रिक्त.

आता या मुलांचं बघा. घरी वारली बोलतात, बाजारात मराठी, हायवेवर अच्छाडच्या ढाब्यांवर हिंदी आणि राज्याची हद्द ओलांडली की गुजराती. 'रिक्त' हा शब्द यातल्या एकाही ठिकाणी कोणी बोलत नाही. तो फक्त सरकारी कागदावर राहतो. मुलांना वाटलं, आडनाव आहे.

मी दहावीच्या वर्गात जाऊन विचारलं, "गणित कोण शिकवतं?"

"रिक्त सर," सगळा वर्ग एका सुरात.

मनीषा धोडी नावाची मुलगी उभी राहिली. तिला नर्स व्हायचंय, त्यासाठी अकरावीला सायन्स हवं, आणि आडवं आलंय ते गणित. तिने मलाच विचारलं, "सर, तुम्ही पेपरवाले ना? रिक्त सर रजेवरून कधी येतात ते तुम्हाला माहीत असेल."

रिकाम्या पदावरून मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. त्या प्रश्नापुढे कोणाशी भांडायचं तेच कळेना.

*

तास मोकळा ठेवायचा नाही म्हणून शिक्षकांनी गणित वाटून घेतलं. वर्तुळ गावित सरांकडे आलं. त्यांनी पोरं मैदानावर नेली, फक्कीने मोठं वर्तुळ आखलं आणि सांगितलं, "व्यास चालायचा, परीघ धावायचा."

धावून पोरं घामाघूम. "किती पट दमलात?"

"तीन पट. आणि वर थोडं."

"तोच पाय." हा पायचा किस्सा ते अजून मूडमध्ये सांगतात. एकाने विचारलं, "सर, सूत्रात दोन पाय का असतात?" गावित सर म्हणाले, "धावायला एका पायाने जमेल का? दोन पाय आर."

"आणि आर?"

"आर म्हणजे आराम. बसा."

मी हसलो खरा, पण चाचणीत परिघाचं गणित बहुतेकांचं बरोबर आलं होतं. हे कसं, ते गावित सरांनाही सांगता येत नाही.

*

बीजगणित मराठीच्या राऊत बाईंकडे. त्यांनी व्याकरणाच्या वाटेने नेलं. "एक्स म्हणजे सर्वनाम. खरं नाव सापडेपर्यंत त्याला एक्स म्हणायचं. सापडलं की नाव घ्यायचं."

मनीषाने हात वर केला. "म्हणजे रिक्त सर पण एक्स?"

राऊत बाई मला म्हणाल्या, "वीस वर्षं व्याकरण शिकवतेय. इतकं अचूक उदाहरण कोणी दिलं नव्हतं."

*

एके दिवशी मनीषाचे वडील शाळेत आले. अच्छाडला एका ढाब्यावर कामाला आहेत. हातात चिकूंची पिशवी.

"रिक्त सरांना भेटाचाय. पोरगी सांगते, सर रोज नव्या तऱ्हेने शिकवतात. एक दिवस पळवतात, एक दिवस कविता म्हणतात."

सावे बाईंना खोटं बोलता येईना आणि त्या माणसाच्या तोंडावर खरंही बोलवेना. म्हणाल्या, "ते आत्ता वर्गावर नाहीत."

"मग हे ठेवा त्यांच्या कपाटात."

पिशवी लेझमांवर ठेवली गेली. दोन दिवसांनी वास सुटला, तेव्हा उरलेल्या चारही विभागांनी बसून गणित विभाग संपवला.

*

मग शाळेची तपासणी झाली. आलेले साहेब घाईत होते, त्यांना पुढे सायवनकडच्या शाळाही उरकायच्या होत्या. दहावीत शिरले.

"गणिताला कोण?"

"रिक्त सर."

"कसं शिकवतात?"

"रोज वेगळं शिकवतात, साहेब."

साहेब खूष. जाताना सावे बाईंना म्हणाले, "गणित शिक्षक प्रयोगशील दिसतात. त्यांना जपा."

"साहेब, ते पद..." बाईंनी सुरुवात केली. साहेबांची गाडी सुरू झाली होती.

हे ऐकल्यावर मी तडक शिक्षण खात्याचं कार्यालय गाठलं. तिथल्या बाबूशी माझी जी चकमक झाली, ती जशीच्या तशी देतो.

"त्या शाळेत गणिताला रिक्त आहे. भरणार कधी?"

"रिक्त आहेत ना."

"तेच म्हणतोय. रिक्त आहे."

"मग तक्रार काय? त्यांच्याबद्दल शेरा उत्तम आहे."

"कोणाबद्दल?"

"रिक्त सरांबद्दल."

मी टेबलावर हात आपटला. "अहो, रिक्त म्हणजे कोणी नाही!"

बाबू शांतपणे म्हणाला, "तुम्ही पत्रकार लोक कोणालाच मानत नाही. एक असताना दुसरा गणिताचा शिक्षक कुठून देऊ?"

*

सावे बाईंनी मग नाइलाजाने वेळापत्रकातला शब्द ओल्या फडक्याने पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी दहावीचा वर्ग त्यांच्या दाराशी. सगळ्यात पुढे मनीषा.

"बाई, सरांना काढलं का? आम्ही काही चुकलो का?"

बाई सांगतात, "मी समजावलं. रिक्त म्हणजे रिकामं, असं फळ्यावर लिहून दाखवलं. मनीषा म्हणाली, मग आम्हाला पळवलं कोणी आणि एक्स शिकवला कोणी? मी खडू ठेवला."

मुलांना अर्थ कळला. आडनाव मात्र त्यांनी सोडलं नाही. बाईंनी वेळापत्रकात पुन्हा 'रिक्त' लिहिलं.

*

आता त्या शनिवारचं.

निवडणुकीच्या ड्युट्या निघाल्या. डहाणूच्या एका सभागृहात प्रशिक्षण, आणि बोलावलेल्यांत आमचे रिक्त सर. सावे बाईंनी फोनवर सांगून पाहिलं की हा माणूस नाही. पलीकडून उत्तर आलं, "सगळे असंच म्हणतात. आजारी नाहीत ना? मग पाठवा."

मला आनंद झाला. प्रशिक्षणाला गैरहजर राहिलं की नोटीस निघते. जन्माला न आलेल्या शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस! एवढी बातमी आली की कार्यालयाला पद रिकामं आहे हे कबूल करावंच लागणार होतं आणि मनीषाच्या वर्गाला बोर्डाच्या आधी कोणीतरी मिळालं असतं. त्यासाठीच मी शनिवारी शाळेत जाऊन बसलो होतो. नोटीस हातात आल्यावर काय करायचं, ती आखणी आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

नोटीस आली नाही. आठवडा गेला, तरी नाही. शेवटी मी प्रशिक्षण देणाऱ्या गृहस्थांना गाठलं. ते मसोलीला राहतात. अंगणात खुर्ची दिली, पाणी दिलं.

"तलासरीकडच्या एका गैरहजर शिक्षकाला नोटीस का नाही काढलीत?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"नाव?"

"रिक्त."

"रिक्त सर? ते आले होते की."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"उंच, सावळे. मागे बसले होते. मतदानाची टक्केवारी काढताना फळ्यावर माझी गफलत झाली. ते उठले, खडू मागितला, इतकं सोपं करून दाखवलं की सगळ्या हॉलने उतरवून घेतलं. मी म्हटलं, तुमच्या शाळेची पोरं नशीबवान."

"किती वाजता हे?"

"चहा यायच्या जरा आधी. अकरा, सव्वाअकरा."

त्या वेळी ते सगळे माझ्यासमोर चहा घेत होते, तरीही मी शाळेतल्या प्रत्येक पुरुष शिक्षकाचं वर्णन केलं. त्यांनी दर वेळी मान हलवली. आसपासच्या शाळांत विचारलं, कोणाचाच उंच सावळा माणूस त्या दिवशी डहाणूला नव्हता.

कार्यालयात गेलो, तर बाबूने या वेळी मला खुर्चीही दिली नाही. "प्रशिक्षणाला हजर राहिलेला माणूस नाहीच, असं आता तुम्ही म्हणणार?"

शाळेत जाऊन मी हे सगळं सांगितलं. गावित सरांनी विनोद केला नाही. दारात मनीषा उभी होती, वहीत बोट घालून. बोर्ड तोंडावर आलाय.

"सर," ती मला म्हणाली, "ते डहाणूपर्यंत आले. मग इथवर का नाही आले?"