एफीमावशीची दक्षिणेची भिंत

हेडली पियर्सीनं मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. त्यामुळे ब्रूम कोव्ह या किनाऱ्यावरच्या गावात कुणाचं काहीही बिघडलं, की माणसं आधी त्याचंच दार ठोठावायची. बोटीचं इंजिन असो की चर्चची भट्टी, हेडली नाही म्हणत नसे. आणि काम करताना कुणी काही सुचवलेलंही त्याला खपत नसे.

निवृत्त झाला त्या उन्हाळ्यात त्यानं स्वतःच्या घराच्या भिंतींना बाहेरून विनाइल या प्लास्टिकच्या पट्ट्या लावायचं ठरवलं. खाऱ्या वाऱ्यानं लाकडी फळ्यांचा रंग दर दोन वर्षांनी उडायचा आणि शिडीवर चढून तो पुन्हा द्यायचा त्याला कंटाळा आला होता. सामान आणायला तो सेल्बी हाइन्सच्या दुकानात गेला, तेव्हा सेल्बी म्हणाला, "हेडली, एक लक्षात ठेव. खिळा पूर्ण ठोकायचा नाही. पट्टीच्या लांबट भोकाच्या मधोमध मारायचा आणि डोकं जरा वर ठेवायचं. पट्टी खिळ्यावर लटकली पाहिजे. उन्हानं ती लांबते."

"मी शाळेत होतो तेव्हा तू जन्मला नव्हतास," हेडली म्हणाला. दुकानातले दोघंतिघं हसले. सेल्बीही हसला आणि सामान गाडीत चढवायला लागला.

सैल ठोकलेला खिळा हेडलीला आयुष्यात कधी आवडला नव्हता. इथं वादळ आलं की छपरं उडतात. भिंतीवरची पट्टी खुळखुळती ठेवायची म्हणजे काय? त्यानं प्रत्येक खिळा घट्ट बसवला. त्याचं घर उत्तरेला तोंड करून, टेकडीच्या सावलीत. तिथं काही बिघडलं नाही. करड्या रंगाचं ते घर बघायला लोक थांबायचे, आणि हेडली पायरीवर चहा पीत बसायचा.

शेजारची एफी राइडआउट ऑक्टोबरात त्याच्याकडे आली. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि पोरं कामासाठी दूर अल्बर्टात.

"हेडली, माझं घर बघवत नाही रे आता. तुझ्यासारखं करून देशील?"

"देईन की मावशी. त्यात काय मोठं."

थंडी पडली होती. पट्ट्या कापताना तडकायच्या, बोटं बधिर व्हायची. त्यानं हिरव्या पट्ट्या टोकापर्यंत ताणून कोपऱ्यात घट्ट भिडवल्या, कुठं फट म्हणून ठेवली नाही, आणि नऊ दिवसांत घर पुरं केलं. दुपारी मावशी वाटाण्याचं सूप आणि काकवी लावलेला पाव बाहेर आणून द्यायची. काम कसं चाललंय हे तिनं एकदाही वर मान करून बघितलं नाही. तुझ्या हातचं आहे म्हणजे झालं, म्हणायची.

तिची दक्षिणेची भिंत थेट खाडीवर उघडी होती. पुढच्या वर्षी जुलैत सलग चार दिवस कडक ऊन पडलं, आणि चौथ्या दिवशी त्या भिंतीला लाटा आल्या. पट्ट्या पोटं काढून बाहेर फुगल्या. दोन ठिकाणी जोड निसटून टोकं लोंबायला लागली. बोटीतून येणाऱ्या माणसांना ती भिंत लांबूनच दिसायची.

हेडली कुंपणाशी उभा राहिला आणि त्याला बघताक्षणी कळलं. सेल्बीचं बोलणं त्याच्या कानात शब्दनशब्द वाजलं. मावशी दारातून एप्रनला हात पुसत बाहेर आली.

"काय झालं रे हे?"

"माल," हेडली म्हणाला. "माल खराब दिसतोय, मावशी."

शब्द तोंडातून गेले आणि परत घ्यायला त्याला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी नसताना मावशी कुणाच्या तरी गाडीतून सेल्बीच्या दुकानात गेली. तिथं चार गिऱ्हाइकांच्या देखत ती सेल्बीला लबाड म्हणाली. एकट्या बाईला सडका माल गळ्यात बांधतोस, आणि हेडलीसारख्या माणसाच्या कामाला बट्टा लावतोस, असं बोलली. हे सगळं हेडलीला त्याच्या बायकोनं, उनानं, जेवताना सांगितलं.

"मावशी तुझ्यासाठी भांडून आली," उना म्हणाली. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

शनिवारी सेल्बी स्वतः आला. मावशीनं हेडलीलाही हाक मारली. सेल्बीनं भिंतीवर तळवा टेकवून एक पट्टी आडवी सरकवायचा प्रयत्न केला. ती तसूभरही हलली नाही. त्यानं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग मान वळवून त्यानं हेडलीकडे पाहिलं. हेडली बुटांकडे बघत होता.

"काय, आहे ना माल खराब?" मावशी म्हणाली.

सेल्बीनं तळवा पँटला पुसला. "बघतो मी, मावशी. बदलून देता आलं तर बघतो," म्हणाला आणि गाडीत बसून गेला.

सेल्बीनं चारचौघांत सुनावलं असतं तर हेडलीला सोसलं असतं. त्या पोरानं शिव्या खाल्ल्या होत्या आणि वर हेडलीची अब्रूही झाकली होती. घरी जाऊन तो माडीवरच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसला. उना वर आली तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगतोस?" ती म्हणाली. "मी कुणाला लबाड म्हटलेलं नाही."

संध्याकाळी तो मावशीच्या स्वयंपाकघरात गेला. मावशीनं त्याच्या चहात डब्यातलं दूध ओतलं. त्यानं कपाला हात लावला नाही.

"माल चांगला आहे, मावशी. मीच खिळे घट्ट ठोकले. सेल्बीनं सांगितलं होतं, ऐकलं नाही. त्या दिवशी कुंपणाशी उभा होतो, तेव्हाच मला माहीत होतं."

मावशी बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची घडी सरळ करत राहिली.

"भिंतीचं मला काही नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तू मला तिथं जाऊ दिलंस. त्या पोराच्या आईला मी लहानपणापासून ओळखते, हेडली. आणि मी त्याला काय काय बोलले."

"मला माहीत नव्हतं तू जाणार म्हणून."

"मी जाऊन आल्यावर तर कळलं होतं ना? चार दिवस झाले त्याला."



सोमवारी ती त्याला घेऊन दुकानात गेली. सकाळची वेळ, काउंटरपाशी पाचसहा माणसं. तिनं आधी स्वतः सेल्बीची माफी मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग बाजूला झाली. हेडलीनं टोपी काढली. काय झालं ते त्यानं पहिल्यापासून सांगितलं. मध्येच आवाज बसला म्हणून एक वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं. कुणी हसलं नाही. एकजण उगाच रंगाच्या डब्यांकडे बघत राहिला.

"होतं असं," सेल्बी म्हणाला. "पट्ट्या बहुतेक वाचतील. खिळे सैल करायचे आणि टोकं जरा कापायची."

"मी करतो उद्यापासून," हेडली म्हणाला.

"नको," मावशी म्हणाली. "सेल्बीची माणसं करतील. तू तुझ्या घराचे खिळे सैल कर."

सेल्बीची दोन माणसं आठवडाभर तिच्या भिंतीवर काम करत होती. तेवढेच दिवस हेडली पलीकडे शिडीवर चढून स्वतःच्या घराच्या पट्ट्या लोखंडी आकड्यानं उकलायचा आणि एकेक खिळा थोडा मागे ओढायचा. येणारेजाणारे बघायचे, हात करायचे. तोही हात करायचा, पण मान वळवायचा नाही. मावशी आता त्या दोघांना सूप द्यायची.

त्या हिवाळ्यात चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळताना ती त्याच्याशी बोलायची, पण मोजकं. घरचं काम मात्र तिनं त्याला काही सांगितलं नाही. मार्चमध्ये तिच्या मागच्या दाराची कडी तुटली, तेव्हा तिनं खिडकीतून त्याला हाक मारली. तो हत्यारांची पेटी घेऊन गेला. मावशी शाल लपेटून थंडीत त्याच्याजवळ उभी राहिली आणि शेवटचा स्क्रू बसेपर्यंत त्याच्या हातांकडे बघत होती. तोही सावकाश काम करत राहिला, तिला नीट दिसावं म्हणून जरा बाजूला सरकून.