सिंगल फेजच्या घरात अण्णांचं लेथ

माझे वडील, अण्णा, गेले, आणि तेरावा झाल्यावर त्यांचं लेथ मशीन आमच्या बसवनगुडीच्या घरात आलं.

आनेकलच्या त्यांच्या कारखान्याची भाड्याची शेड मालकाला परत द्यायची होती. मशीन भंगारात घालायला आई तयार नव्हती, आणि आईला नाही म्हणायला मी तयार नव्हतो. (मी कॉलेजात इतिहास शिकवतो. कुणालाच नाही म्हणायची सवय नाही.) आठ माणसांनी ते उचलून दिवाणखान्यात ठेवलं. सोफा गच्चीवर गेला. भेटायला येणारी माणसं अण्णांच्या फोटोला नमस्कार करायची, मशीनला वळसा घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि काय बोलायचं तेच विसरायची. सांत्वनं फार आटोपशीर होऊ लागली!

"ही काय वखार आहे?" माझी थोरली बहीण, अक्का, म्हणाली. "चालतं तरी का ते?"

चालत नव्हतं. मशीनला वीज लागते तीन फेजची, आणि आमच्या घरात येते एकच.

"चाललं तर राहू दे. नाही चाललं तर दसऱ्यानंतर भंगारवाला येईल. सरी?"

"सरी," म्हणजे ठीक, आई म्हणाली. "आयुधपूजेला चालेल. त्या दिवशी अण्णांनी मशीन फिरवलं नाही असं एकही वर्ष गेलं नाही."

"अगं, यंदा आपल्याला सण नाही!"

"आपल्याला नाही. मशीनला कसलं सुतक?"



मी वाचनालयातून विजेवरची तीन पुस्तकं आणली. तिन्ही वाचली. (एक तर दोनदा. भाषा चांगली होती.) पुस्तकांनी मशीन फिरेना, तेव्हा अण्णांचा जुना फिटर रामण्णा आनेकलहून बसने आला. अण्णांच्या हाताखाली तो मराठी शिकला होता.

"मेष्ट्रे, स्वल्प ऐका," म्हणत त्याने तीन फेजची एक जुनी मोटर कोपऱ्यात ठेवली. मास्तरांना कन्नडमध्ये मेष्ट्रे म्हणतात. रामण्णाच्या तोंडी त्यात थोडी कीवही येते. "ही एका फेजवर आपली आपण उठत नाही. नुसती गुरगुरते. तुमच्यासारखी. म्हणून भोवऱ्यासारखी दोरी गुंडाळून खेचायची आणि लगेच बटण दाबायचं. एकदा फिरली की फिरतच राहते आणि तिसरी फेज तीच तयार करते. तिच्या तारा मी लेथला जोडल्यात."

"खेचायची कुठल्या बाजूने?"

त्याने मोटरवर खडूने बाण काढला. "अशी. उलटी खेचली तर लेथ पण उलटं फिरेल. मग हा चक सुटून बाहेर!" चक म्हणजे लेथचा लोखंडी जबडा. आट्यांवर बसवलेला, वजन दहा किलो.

"आत्ताच फिरवून बघू या?" मी म्हणालो.

"मुळीच नाही," आई म्हणाली. "आधी पूजा!"

आयुधपूजेच्या सकाळी रामण्णा आनेकलला स्वतःच्या पूजेत होता. आईने मशीन पुसलं, मोटर पुसली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. दृष्ट काढून फोडायचा, आत कुंकू भरलेला कोहळा दारात ठेवला. अक्का निकाल बघायला येऊन उभी होती. मी दोरी घेऊन वाकलो.

"आई, बाण कुठे आहे?"

"कसला बाण?"

"खडूचा!"

"तो डाग होय? पुसला की. पूजेच्या वस्तूवर डाग ठेवतात का?"

रामण्णाला फोन लावला. पलीकडून नुसते ढोल ऐकू आले.

"एवढा विचार कसला करतोस?" आई म्हणाली. "प्रदक्षिणा घालतात तशी गुंडाळ. देवाचं काम कधी उलटं होतं का?"

मला ते पटलं! पीएच.डी. झालेल्या माणसाला पटलं!

मी दोरी खेचली, आईने बटण दाबलं. मोटर गुरगुरली, मग गाऊ लागली. दिवे मंदावले, फ्रिजने उचकी दिली. मी लेथचा स्विच चढवला आणि लेथ फिरलं! आईने हात जोडले. तेवढ्यात चक गरागरा आट्यांवरून उतरला, जमिनीवर आदळला, एक फरशी फोडली, अक्काच्या पायांखालून गेला (ती वेळेवर उडाली, म्हणून पाय राहिले) आणि गडगडत जाऊन दारातल्या कोहळ्यावर आपटला.

कोहळ्याच्या चिंधड्या झाल्या. भिंतीवर कुंकू उडालं. मोटर गातच होती.

"उलटं चाललं!" अक्का ओरडली.

"पण चाललं," आई म्हणाली. "आणि कोहळा एका घावात! तुमच्या अण्णांना तीन लागायचे."

ती हसायला लागली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. अक्काने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खाली बसून कोहळ्याचे तुकडे गोळा करू लागली.

"राहू दे मशीन इथेच," ती म्हणाली. "पण दोरी याच्या हातात द्यायची नाही."

आता रामण्णा रविवारी येतो, मोटर सुरू करून देतो, आणि मी लेथवर काम शिकतो. आजवर एकच वस्तू तयार झाली आहे: एक लाकडी लाटणं. ते एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक आहे. आई रोज त्यानेच पोळ्या लाटते. पोळ्या तिरक्या होतात. आम्ही खातो.