उद्याचं पाणी

परदेशी पाहुण्यांच्या तुकड्यांना आमचं घाटकोपर दाखवायचं काम पालिकेच्या कचेरीतल्या एका कारकुनाकडे असायचं. मिटलेली छत्री उंच धरून तो पुढे चालायचा आणि पेरांवर अंगठा फिरवत माणसं मोजायचा. देऊळ दाखवायचा, नवी शाळा दाखवायचा. टेकडीवरची आमची वस्ती आली की मात्र सगळ्यांना घाईघाईने पुढे न्यायचा. वस्तीच्या पाण्यासाठी मी पत्रक काढायचो, त्यात मी त्याला साहेबांचा हुजऱ्या म्हटलं. भेटल्यावर म्हणाला, "मेल्या, शिव्या दे, पण शाई तरी बरी वाप​र. वाचता येत नाही."

एकदा मी वाटच अडवून पाहुण्यांना वस्तीत नेलं. नळ तीन दिवस कोरडा होता. बायकांनी रिकामे हंडे दाखवायचे, असं ठरलं होतं. पण पाहुणे दारात बघताच एका मावशीने शेवटच्या कळशीतलं पाणी पेल्यांत ओतलं, वर गूळही दिला.

"मावशी, हंडे दाखवायचे होते ना!"

"दारी आलेल्याला रिकामा हंडा दाखवू? लाज नाही वाटत रे?"

पाहुणे खूश. माझा नुसता जळफळाट.

कारकुनाने मात्र आपला पेला तोंडाला न लावता कळशीत परत ओतला. मग इंग्रजीत, सावकाश म्हणाला, "हे यांचं उद्याचं पाणी आहे. नळाचा अर्ज आमच्या साहेबांच्या टेबलावर पडून आहे."

पाहुण्यांचे पेले हातातच राहिले.

परतताना तो मला म्हणाला, "हे छाप. माझं नाव तेवढं नको. नोकरी जाईल रे."

नाव छापलं नाही. हुजऱ्या म्हटलं तेव्हा मात्र ठळक टाइपात छापलं होतं.