सूट लिहिलेलं ताट

आमचं भांड्यांचं दुकान मुरुडला, बाजाराच्या रस्त्यावर आहे. पुढं हंडे, पराती, कुकर आणि पार आत भिंतीला लागून माझं स्टूल. भांड्यांवर नावं टाकायचं काम माझ्याकडं आहे. पेनाएवढी मशीन असते. ती घर्रर्र करत स्टीलवर बारीक ठिपके पाडते आणि ठिपक्यांचं अक्षर होतं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, कारण मुखेडकडच्या आमच्या गावात पुढचा वर्गच नव्हता. पण अक्षर चांगलं होतं. आता निम्म्या मुरुडच्या फडताळांत माझं अक्षर आहे.

मी गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसते. तसंच मला बरं वाटतं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणत्या मामानं एक चमचा देऊन त्याच्यावर आपलं अख्खं नाव आडनावासकट टाकून घेतलं, हे सगळं मला ठाऊक असतं. रस्त्यात भेटले तर मात्र पदर पुढं ओढून निघून जाते. दुकानात गिऱ्हाईक असताना मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काही सांगायचं असलं तरी मी तोंडानं बोलत नाही. पोचा आलेलं एक झाकण जवळ ठेवलेलं असतं. त्याच्यावर मशीननं लिहून पुढं सरकवते. 'दूध आणा.' 'ही बाई घासाघीस लई करती, भाव आधीच चढवून सांगा.' एक झाकण भरलं की दुसरं घ्यायचं. पोचा आलेल्या झाकणांना आमच्याकडं तोटा नाही.

मालकांनी कार्डाची मशीन आणली तिथून हे सगळं सुरू झालं. मोबाईलवर स्कॅन करून दिले तर सगळे पैसे जमा व्हायचे. पण पुण्याला, हैदराबादला नोकरी करणारी मंडळी सणाला गावी आली की क्रेडिट कार्ड काढायची, आणि शंभरातले दोन रुपये मधल्यामधी कापले जायचे. भांड्याच्या धंद्यात सुटतं किती! मालकांनी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'कार्डाने दिल्यास शंभराला दोन रुपये जास्त.'

पहिले सापडले एक रिटायर गुरुजी. कुकर घ्यायला आले होते.

"शेठ, हा दंड कशाचा?"

"दंड न्हाई गुरुजी. बँक कापून घेती."

"मग बँकेला मागा की! मी काय वर्गात दंगा केलाय का?"

कुकर तिथंच ठेवून गुरुजी गेले. मी झाकणावर लिहिलं, 'जास्त घेऊ नका. रोखीला सूट द्या.'

मालकांनी वाचलं, डोकं खाजवलं आणि दुकान रिकामं झाल्यावर म्हणाले, "अगं, एकच झालं की ते."

"एकच हाय," मी म्हणाले. "भावात ते दोन रुपये आधीच धरायचे आन रोख देईल त्याला सोडायचे. एकच हाय, पण गुरुजी कुकर घेऊन गेले असते."

चार दिवसांनी मशीनवाला माणूस आला. कार्डावर जास्त घेता येत नाही, रोखीला सूट देता येते, असं तोही म्हणाला. तेव्हा मालकांना पटलं. माझं त्याच्या आधी पटायला काय हरकत होती, हे मी झाकणावर लिहिलं नाही.

पेंटरनं बोर्डाचे पैसे सांगितले ते ऐकून मालक तसेच दुकानात परत आले. म्हणाले, घरात लिहिणारी असताना पेंटर कशाला? मांडणीवरून एक ताट ओढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. मी ताटाच्या मधोमध मोठ्या अक्षरांत टाकलं, 'रोखीने घेतल्यास शंभराला दोन रुपये सूट.' अक्षरं लांबून दिसावीत म्हणून तव्याची काजळी तेलात कालवून त्यांच्यावर चोळली. ताट गल्ल्याशेजारी उभं करून ठेवलं. फार झकास दिसत होतं.

बोर्ड चालला. चालला म्हणजे काय, ज्यांनी आयुष्यात कार्ड पाहिलं नव्हतं तेही सूट मागायला लागले. ताक विकणाऱ्या एका आजीनं वीस रुपयांची पळी घेतली आणि वीसची नोट हातातच धरून उभी राहिली.

"माझी सूट?"

"आजी, चाळीस पैसे होतेत."

"मग द्या की."

मालकांनी चॉकलेट पुढं केलं.

"मला दात न्हाईत," आजी म्हणाली. शेवटी तिनं एक चहागाळणी फुकट नेली.

लग्नसराईच्या तोंडावर सासूबाई दुकान साफ करायला आल्या. त्यांना धूळ खपत नाही आणि वाचता येत नाही. त्यांच्या लेखी गल्ल्याशेजारी एक काळं पडलेलं ताट होतं. त्यांनी ते राख लावून लख्ख घासलं, पुसलं आणि बाकीच्या ताटांत लावून दिलं. काजळी गेल्यावर नुसते ठिपके उरले. ते उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसत नाहीत.

त्याच दुपारी जवळच्या एका गावातले एक पाटील आले. लेकीच्या लग्नात द्यायची भांडी घ्यायची होती. त्यांनी सगळं निवडलं, त्यात एकवीस ताटं. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा कोपरीच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं.

"पोरानं दिलंय. म्हणला, बापू, ह्याच्यावरच घ्या."

मालक म्हणाले, "रोख दिले तर सूट हाय, पाटील. एटीएम हे काय, समोरच हाय. काढून आणा."

"राहू द्या. लेकीच्या भांड्यात सूट काय मागायची?" असं म्हणून त्यांनी कार्डाचे चार आकडे एवढ्या मोठ्यानं सांगितले की मालकांनी कानांवर हात ठेवले.

ताटं माझ्याकडं आली. नाव ताटाच्या मागच्या बाजूला टाकतात, म्हणून ताटं पालथीच येतात आणि पालथीच जातात. मी एकवीस पाठींवर नवरीचं नाव टाकलं. एकाही ताटाचं तोंड पाहिलं नाही.

संध्याकाळी बोर्ड कुठं गेला म्हणून शोधाशोध झाली. सासूबाई म्हणाल्या, "ते काळं व्हय? घासून लावलं की म्या." आम्ही दुकानातलं एकेक ताट उजेडात तिरपं धरून पाहिलं. नव्हतं. मालक हसले, मला मात्र हसू येईना. दुसरा बोर्ड मी पोचा आलेल्या झाकणावर केला. ते कुणी विकत घेणार नव्हतं.

लग्नाला महिना झाला असेल. एक उंच, दणकट बाई दुकानात आल्या आणि त्यांनी पदराखालचं ताट गल्ल्यावर आपटलं. मागं एक नवी सून, हिरव्या चुड्याची, मान खाली. मी ताटाकडं पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

"हे तुमचंच का वो?"

मालकांनी ताट तिरपं केलं. "आमचंच दिसायलंय."

"आमच्या पहिल्या पंगतीला हे नेमकं माझ्या नणंदेपुढं आलं. वरणातली हळद त्या ठिपक्यात बसली. जसजसा भात संपला तसतशी खालून पिवळी अक्षरं निघाली. तिनं भरल्या पंगतीत वाचली! आता येती तवा विचारती, सूटवाली सून कुठं हाय? ईवायानं, हिच्या बापानं, सुटीचा माल गळ्यात घातला म्हणती. हिला तोंड वर करायची सोय ठेवली न्हाई."

मालकांना घाम फुटला की ते जास्त बोलतात. म्हणाले, "मावशी, सूट तर आमच्याकडं समद्यांनाच हाय, त्यात काय वाईट..."

"म्हंजी घेतलीच ना सूट!"

सुनेची मान आणखी खाली गेली. मी झाकण ओढलं आणि घाईघाईनं लिहिलं, 'ह्यांच्या वडिलांनी सूट घेतली नाही.' मालकांकडं सरकवलं, पण ते बोलण्याच्या भरात होते. झाकण त्या बाईंनीच उचललं आणि डोळे बारीक केले.

"चष्मा घरी हाय माझा. काय लिव्हलंय?"

सून वाचायला पुढं झाली.

"तू न्हाई. तुझ्या बापाचं असंल तर तू गोडच वाचशील. ए बाई, तू सांग. तोंड हाय न्हवं?"

मी वळले. मग म्हणाले, "ताट न्हाई ते. बोर्ड हाय. म्या लिव्हलाय. सासूबाईंनी घासला आन तो तुमच्यात आला. पाठीवर नाव टाकताना म्या तोंड बघितलं न्हाई, चूक माझी हाय. ह्यांच्या वडिलांनी कार्डानं पैसे दिले. कार्डाला सूट नसती. मालक म्हणले, एटीएम समोर हाय, तर ते म्हणले, लेकीच्या भांड्यात सूट काय मागायची."

एवढं लांब मी दुकानात कधीच बोलले नव्हते.

"असं म्हणले ईवाई?" बाईंनी सुनेला विचारलं. "मग घरी सांगायचं की!"

"मला कुठं ठाऊक होतं, आत्याबाई," सून म्हणाली. तिचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

मालकांनी झटकन एक कोरं ताट काढलं. "हे घ्या मावशी. ते बदलून देतो."

बाईंनी जुन्या ताटावर पंजा ठेवला. "हे न्हाई द्यायची. नणंद पंचमीला यायलीय. कोरं ताट बघून तिला काय कळणार? ह्याच्यावरच लिव्हा, खाली. पूर्ण पैसे दिले म्हणून. आन लिव्हायचे पैसे देणार न्हाई."

"नका देऊ."

"आन ते कोरंबी द्या. बदलून द्यायलाच निघाला होता की."

कोरं ताट त्यांच्या पदराखाली गेलं. मी मशीन घेऊन गल्ल्यापाशी आले, तिथं उजेड बरा होता. सूट लिहिलेल्या ओळीखाली लिहायला घेतलं, 'पूर्ण किंमत देऊन घेतले.' सून इतकी वाकली की तिच्या बांगड्या ताटाला लागून वाजल्या.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तेवढं 'पूर्ण' जरा खोल काढा."

मी त्या शब्दावरून पुन्हा पुन्हा मशीन फिरवली, हाताला चटका बसेपर्यंत. बाईंना अक्षर दिसत नव्हतं. त्यांनी ताटावर बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"हेच का ते?"

"हाव, आत्याबाई," सून म्हणाली. "तेच."